घोडीवरच्या चार पिशव्या

६ जानेवारी, सोमवार

ही वही माझी नव्हे, माझ्या खांद्याची आहे. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी तीन रकाने आखून दिले: दुखणं किती, झोप कशी, आज खांद्याला काय केलं. "रोज लिहा आणि खरं लिहा," म्हणाल्या. रोजचं जमणार नाही. खरं लिहायला हरकत नाही, वाचणार फक्त त्याच.

दुखणं: दहापैकी तीन. झोप: बरी. खांद्याला काय केलं: एक गोळी झाडली.

रकान्यात मावत नाही म्हणून खाली लिहितो. शस्त्रक्रियेला चार महिने झाले. आज पहिल्यांदा मोठी रायफल खांद्याला लावली. चांदमारीवर कुणी नव्हतं हे नशीब, कारण चाप ओढायच्या आधीच माझे डोळे मिटले. नुसते मिटले नाहीत, अख्खा खांदा मागे पळाला. गोळी टार्गेटच्या बरीच अलीकडे मातीत गेली. हे नवशिक्यांचं दुखणं. पंचवीस वर्षं मी दुसऱ्यांवर "डोळे मिटू नका" म्हणून खेकसतो आहे.

क्लबात मला बुरूज म्हणतात. केवढाही झटका बसू दे, हा हलत नाही म्हणून. एप्रिलच्या स्पर्धेआधी सभासदांच्या चौदा रायफलींच्या दुर्बिणी मीच जुळवून देतो, म्हणजे गोळी जिथे लागते तिथे दुर्बिणीतली फुली आणून ठेवतो. एकेका रायफलीला वीस-पंचवीस गोळ्या. आता बुरूज हा हिशोब कुणाला सांगणार?

बाईंना ही वही दाखवता येणार नाही. दुसरी आणतो.

९ जानेवारी, गुरुवार

उपाय सापडला. दोन दिवस खपून लोखंडी चौकट वेल्ड केली. पुढे रायफलीची नळी टेकते, मागे दस्त्याला, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या लाकडी भागाला, अडवायला जाड पट्टी, आणि मध्ये वजन ठेवायचा ट्रे. हिने जुन्या ताडपत्रीच्या दोन पिशव्या शिवून दिल्या, त्यांत शिशाचे छर्रे भरले. चौकटीला मी घोडी म्हणतो.

"हे कशाला?" हिने विचारलं.

"रायफल स्थिर राहते. अचूक काम."

"आजवर अचूक नव्हतं का?"

बायकोला तोंड देणं झटक्यापेक्षा अवघड. मी सुईत दोरा ओवून दिला आणि विषय बदलला.

पहिली गोळी झाडली. खांद्याला कुणी बोट लावावं एवढंच. डोळे उघडे! मी चक्क हसलो एकटाच.

१४ जानेवारी, मंगळवार

दोन पिशव्यांवर घोडी अजून बोटभर मागे सरकायची. हिच्याकडून आणखी दोन शिवून घेतल्या. आता चार पिशव्या, घोडी दोन माणसांनी उचलावी एवढी जड. आता गोळी सुटते आणि काहीच हलत नाही. रायफल जणू भिंतीत चिणलेली. तीन रायफली एका सकाळी झाल्या. मी टोकाच्या कक्षात काम करतो, पडदा ओढून. कुणी विचारलं तर सांगतो, वाऱ्यासाठी.

दुखणं: शून्य.

२० जानेवारी, सोमवार

दातांच्या डॉक्टरीणबाई रायफल घेऊन परत आल्या. म्हणे तुम्ही जुळवून दिलीत, पण माझ्या खांद्यावरून गोळी वीतभर वर जाते. मी पडद्याआड घोडीवर लावून पाहिली, बरोब्बर फुलीवर. बाहेर येऊन त्यांना चांगलं सुनावलं: श्वास रोखत नाही, गाल नीट टेकत नाही, नाचता येईना अंगण वाकडं. बिचाऱ्या "सॉरी सर, मी सराव करते" म्हणाल्या. पन्नाशीची बाई, दिवसभर लोकांचे दात उपटते, आणि माझ्यापुढे शाळेतल्या मुलीसारखी उभी.

लोक झटका नीट घ्यायला शिकतच नाहीत हल्ली.

२७ जानेवारी, सोमवार

कटकट. डॉक्टरीणबाईंच्या दुर्बिणीतली फुली तिरकी झाली आहे. त्यांनी आपटली असणार. दुरुस्तीवाल्याकडे पाठवली. आणखी एका सभासदाच्या दुर्बिणीचे स्क्रू सैल. घोडीवर पाच गोळ्या पाच ठिकाणी जात होत्या तेव्हा मी उगाच गाढवासारखा बटणं फिरवत बसलो. हल्लीचा माल हलका, दुसरं काय.

३ फेब्रुवारी, सोमवार

सेक्रेटरींच्या रायफलीचा दस्ता तडकला. मूठ धरतो तिथे, मानेवर, केसाएवढी रेघ. परवा माझ्याकडून घेऊन गेले, आज घेऊन आले.

क्लबातले सगळे लाकडी दस्ते दादाच्या हातचे. दादा म्हणजे हिचा थोरला भाऊ. अक्रोडाच्या फळ्या आणतो, टोकावर खडूने तारीख घालतो, आणि मग विसरतो. अकरा वर्षं. तेवढी सुकल्याशिवाय करवत लावत नाही. गिऱ्हाईक रागावलं तर म्हणतो, "मग तुम्ही म्हातारे व्हा, तोवर लाकूडही होईल."

सेक्रेटरी रेघेवर नख फिरवत म्हणाले, "लाकूड ओलं असेल का हो?"

मी म्हणालो, "असेल."

का म्हणालो कोण जाणे. समोरच्याने विचारलं की माणूस काहीतरी म्हणतो.

८ फेब्रुवारी, शनिवार

दुसरा. या वेळी माझ्या डोळ्यांदेखत. म्हणजे गोळी झाडली, कट्कन बारीक आवाज आला, मानेवर रेघ. मी बोटाने पुसून पाहिली, जणू धूळ आहे. मग थोडं मेण चोळलं आणि रायफल मालकाला देऊन टाकली. सही घेतली. त्यांच्या घरी ती रेघ उघडी पडली.

दुपारी दादा जेवायला आला. नेहमी बडबडणारा माणूस, ताटात बघत बसला. हात धुताना म्हणाला, "बुरूजराव, तुमच्या हातात असताना काही जाणवलं का? आवाजबिवाज?"

"नाही दादा."

"मग माझंच काहीतरी चुकतंय."

ही पाण्याचा तांब्या धरून उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. उगाचच.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

दादाचं डोकं फिरलंय. वर्कशॉपवर गेलो तर किराण्याच्या तराजूवर लाकडाचे तुकडे तोलतोय. ओलं असेल तर रोज वजन घटेल म्हणे. चार दिवस तोलतोय, घटत नाही, तरी पटत नाही. तराजूच खराब आहे म्हणतो. नंतर एक तुकडा नाकाला लावून बराच वेळ हुंगत बसला. पुढच्या आठवड्यात डोळे तपासायला जाणार आहे. मी म्हटलं, दादा, एवढं मनाला लावून घेऊ नका. समजूत घालणं मला बरं जमतं असं दिसतं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

दुरुस्तीवाल्याकडून डॉक्टरीणबाईंची दुर्बीण आली, सोबत चिठ्ठी. ती इथे चिकटवत नाही, उतरवून घेतो:

"आतली फुलीची कडी जागेवरून निखळली होती. ही दुर्बीण आपटलेली नाही. रायफलीला मागे जायला वाव न मिळाल्यास असं होतं. झटका कुठेतरी जाणारच. माणसाचा खांदा तो हळूहळू पोटात घालतो. रायफल घट्ट अडवली तर तो दस्त्यात आणि दुर्बिणीत शिरतो. रायफल भिंतीला टेकवून झाडली होती काय?"

तीनदा वाचली. मग घडी करून पाकिटात ठेवली. काचा पुसणाऱ्याला काय कळतंय दस्त्यातलं?

२० फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी माझी स्वतःची रायफल घेऊन गेलो. तिचा दस्ता दादाने आमच्या लग्नात दिला होता. तीस वर्षांचं लाकूड, त्याआधी अकरा वर्षं फळीत. ते ओलं असेल तर मीही अजून ओला आहे.

घोडीवर लावली. चार पिशव्या. एक, दोन, तीन. काही नाही. मला बरं वाटत होतं, चिठ्ठीवाल्याला उत्तर मनात जुळवत होतो. सहा, सात, आठ.

नवव्या गोळीला कट्.

तीच जागा. मान.

मी तसाच बसलो. या रायफलीने खांद्यावर हजारो गोळ्या झाडल्या, दस्त्याला ओरखडा नाही. तीस वर्षं माझा खांदा मागे सरकत होता, दर वेळी थोडा, मलाही न कळता. बुरूज हलत होता म्हणून लाकूड टिकलं. आणि मी लोकांना सांगत आलो की मी हलत नाही.

बाकीचे दस्ते मी मोडले. दुर्बिणी मी मोडल्या. डॉक्टरीणबाईंची गोळी वर जात होती, कारण घोडीवर रायफल वेगळी वागते आणि माणसाच्या खांद्यावर वेगळी. त्यांचा श्वास ठीक होता.

दादाला आजच सांगायला हवं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

सांगितलं नाही. काल निघालो होतो, अर्ध्या वाटेवरून परत आलो. घोडी का केली, हा पहिलाच प्रश्न येणार. दादाला सांगायचं म्हणजे भीती सांगायची. रायफल कपाटामागे ठेवली आहे, कापडात गुंडाळून.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

नाही.

२ मार्च, रविवार

क्लबाची बैठक. तोवर माझा धरून चौथा दस्ता तडकला होता, जानेवारीत घोडीवरून गेलेला. सेक्रेटरींनी कारखान्याचे प्लॅस्टिकचे दस्ते टेबलावर मांडले. काळे, गुळगुळीत, सगळे सारखे. म्हणाले, दादांबद्दल आदर आहे, पण सुरक्षितता आधी. मग माझ्याकडे वळले. "बुरूज, चौदाही रायफली तुमच्या हाताखालून गेल्या. तुमचं मत काय?"

दादा शेवटच्या रांगेत बसला होता. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता.

मी म्हणालो, "मी काय सांगणार."

या वहीत मी खरं लिहितो असं ठरलं आहे, तर खरं हे, की ते वाक्य म्हणताना मला सुटल्यासारखं वाटलं. क्षणभरच. मग दादा उभा राहिला. तो माझ्यावर ओरडेल असं वाटलं. तो म्हणाला, "भांडू नका. डोळे तपासून आलोय, डोळे ठीक आहेत. म्हणजे अंदाजच गेला माझा. लाकूड ओळखायचं आता मला जमत नाही. कुणाच्या तोंडाला इजा व्हायच्या आत थांबलेलं बरं." आणि हात जोडून, एकेकाची माफी मागून, खाली बसला.

सभासद टाळ्या वाजवू लागले. निरोपाच्या टाळ्या. मीही वाजवल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. चोराने टाळ्या वाजवल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

९ मार्च, रविवार

सकाळी दादा टेम्पोतून आला. दोन स्टुलं उतरवली आणि स्वयंपाकघरात नेऊन ठेवली. अक्रोडाची. पाय असे बसवलेले की सांधा दिसत नाही.

"तुला कधीची हवी होती ना ताई," हिला म्हणाला. तो धाकट्या बहिणीला ताई म्हणतो, लाडाने. "जपून बस हं. ओल्या लाकडाची आहेत."

हसला. कुणीच हसलं नाही.

"कुठल्या फळीची?" मी विचारलं.

"सगळ्याच कापल्या. मांडण रिकामी केली. काही स्टुलं, काही पाट्या, उरलेलं सुताराला दिलं. ठेवून काय करायचं? तारीख बघितली की उगाच वाटत राहतं."

अकरा वर्षांच्या फळ्या. सात वर्षांच्याही, ज्यांना अजून चार द्यायची होती. त्याही कापल्या.

तो गेल्यावर मी स्टुलावर बसलो. मी चांगला जाडजूड माणूस. पुढे झुकलो, मागे रेललो, मुद्दाम जोर दिला. हूं नाही की चूं नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१० मार्च, सोमवार

ही झाडताना कपाटामागे पोचली. मी घरी आलो तर रायफल टेबलावर, कापड बाजूला, आणि ही भिंतीशी जमिनीवर बसलेली. दोन्ही स्टुलं रिकामी.

"हा दस्ता दादाने लग्नात दिला होता," ती म्हणाली.

"हो."

"हा पण ओला होता?"

मी टेबलावरच्या कापडाची घडी घालायला लागलो.

"अहो, पिशव्या मी शिवल्यात. मला काय कळत नाही? दोन मागितल्यात, मग आणखी दोन. चौथी पिशवी दिली त्यानंतरच दादाचे दस्ते फुटायला लागले. मी वाट बघत होते तुम्ही सांगाल म्हणून. त्या दिवशी तांब्या घेऊन उभी होते, तेव्हाही."

"तू का नाही बोललीस त्याला?"

"कारण मला वाटलं, माझा नवरा बोलेल."

ती रडली नाही. रडली असती तर काहीतरी करता आलं असतं. उठताना म्हणाली, "तुम्ही दादाला सांगेपर्यंत मी त्या स्टुलावर बसणार नाही. घरात पाहुणे आले तरी त्यांना खाली बसवीन."

११ मार्च, मंगळवार

गेलो.

दादा वर्कशॉप झाडत होता. भिंतीवरची मांडण रिकामी, आणि भिंतीवर फळ्यांच्या मागे राहिलेला जुना रंग, वेगळा, उजळ. मी उभ्यानेच सांगितलं. घोडी, पिशव्या, चिठ्ठी, माझी रायफल, नववी गोळी. चिठ्ठी हातात दिली. भीतीचंही सांगितलं, ते सगळ्यात शेवटी, केरसुणीकडे बघत.

चिठ्ठी वाचायला त्याला फार वेळ लागला. मग म्हणाला, "म्हणजे लाकूड ओलं नव्हतं?"

"नाही."

"एकही?"

"एकही नाही दादा."

तो मांडणीपाशी गेला आणि रिकाम्या खणांवरून हात फिरवत राहिला, खालपासून वरपर्यंत. मला वाटलं, आता मारेल. मी थोबाड पुढे करून उभा होतो, खरंच. तो मागे न वळता म्हणाला, "महिनाभर मी नाक लावून हुंगत होतो. चांगल्या लाकडाचा वास यायचा, आणि मला वाटायचं नाकही गेलं."

मी माफी मागितली. त्याने हात हलवला, माशी हाकलावी तसा.

"सगळ्यांसमोर सांगाल?"

"सांगेन."

"सांगून नाही भागायचं. तुमच्या शब्दावर चार दस्ते गेलेत, आता शब्द कोण घेणार? दाखवा." त्याने कोपऱ्यातून पोत्यात गुंडाळलेला एक दस्ता काढला. सेक्रेटरींसाठी बदलून द्यायला केलेला, त्याच फळीचा. "हा तेवढा उरलाय, कापायचा राहिला. रविवारी सेक्रेटरींच्या रायफलीला बसवतो. घोडी नाही. खांद्यावरून. दहा गोळ्या."

"माझे डोळे मिटतील दादा. सगळ्यांसमोर."

"मिटू देत," तो म्हणाला. "मला डोळ्यांशी काम नाही."

१६ मार्च, रविवार

सगळे आले होते. मी पडदा काढला आणि घोडी बाहेर ओढत आणली. एकट्याने ओढता येईना, कुणी हातही लावेना. चारही पिशव्या एकेक करून जमिनीवर ठेवल्या. माझी तडकलेली रायफल ठेवली. चिठ्ठी वाचली. ज्यांचे दस्ते आणि दुर्बिणी गेल्या त्यांच्याकडे बघून सांगितलं की हे मी केलं. डॉक्टरीणबाईंना म्हणालो, तुमचा नेम बरोबर होता, माझा चुकीचा होता, आणि तरी मी तुम्हाला बोललो. त्यांनी मान खाली घातली, जणू लाज त्यांनाच वाटली.

सेक्रेटरी म्हणाले, "पण तुम्हाला घोडी लागलीच कशाला? तुम्ही तर..."

"भीती वाटते म्हणून."

"कसली?"

"झटक्याची."

कुणीतरी मागे फिस्सकन हसलं. आजवर मी हे हसू दुसऱ्यांवर हसलो आहे, म्हणून लगेच ओळखलं.

मग बसलो आणि दादाचा दस्ता खांद्याला लावला. तेल लावलेल्या लाकडाचा वास आला. डोळे उघडे ठेवायचे, एवढंच मनाशी घोकत चाप ओढला, आणि डोळे मिटले. गोळी मातीत. धूळ उडालेली सगळ्यांनी पाहिली. दुसरी मातीत. तिसरीला खांद्यातून कळ थेट बोटांपर्यंत. चौथी टार्गेटच्या कोपऱ्याला लागली, पाचवी कुठे गेली देव जाणे. नवव्या गोळीच्या आधी मी रायफल खाली ठेवली, पाणी प्यालो, पुन्हा उचलली. नऊ. आवाज नाही. दहा.

टार्गेटवर दोन भोकं. तीस वर्षांतलं माझं सगळ्यात वाईट टार्गेट, आणि सभासदांची गर्दी.

दादा पुढे आला. टार्गेटकडे त्याने पाहिलंही नाही. रायफल उचलली, उजेडाकडे वळवली, आणि दस्त्याच्या मानेवरून अंगठा फिरवला, हळूहळू, एकदा या बाजूने, एकदा त्या. मग ती सेक्रेटरींच्या हातात दिली. "बघा," म्हणाला. सेक्रेटरींनी चष्मा वर केला, नख फिरवलं. पुढच्याच्या हातात दिली. रायफल हातोहात शेवटच्या माणसापर्यंत गेली. प्लॅस्टिकच्या दस्त्यांचा खोका तसाच भिंतीशी होता. डॉक्टरीणबाईंनी तो पायाने आत सरकवला.

सेक्रेटरी दादाला म्हणाले, "नवीन किती दिवसांत मिळतील?"

"फळ्या आणायला हव्यात," दादा म्हणाला. "मग अकरा वर्षं."

त्याला सत्तरावं चालू आहे. हे सगळ्यांना ठाऊक होतं.

निघताना मी म्हणालो, दादा, फळ्या मी आणून देतो. तो म्हणाला, "आणा. तारीख मी घालीन." बुरूजराव म्हणाला नाही.

दुखणं: सात. खांद्याला काय केलं: दहा झटके घेतले. ही वही उद्या बाईंना दाखवणार आहे.

घरी आलो तेव्हा दादाचा फोन आधीच येऊन गेला होता. ही स्वयंपाकघरात स्टुलावर बसून चहा पीत होती. दुसरं स्टूल तिने पायाने माझ्याकडे सरकवलं. मी त्यावर अजून बसलेलो नाही. हे ओट्यापाशी उभ्यानेच लिहितो आहे.